स्मृतिभ्रंश रुग्णांचे काळजीवाहक आणि चालण्याची सवय
भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांची देखभाल घरातच होते आणि तिचा मुख्य भार पत्नी, मुलगी किंवा सून यांच्यावर असतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. भरभर चालणे त्यात मोडते. परंतु काळजीवाहकाचे चालणे बहुधा इच्छेअभावी नव्हे, तर रुग्णाजवळ थांबणाऱ्या माणसाअभावी खंडित होते. म्हणून वेळ ठरवण्यापूर्वी त्या वेळेत घरी कोण थांबेल, हे निश्चित करावे. अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढत असल्याने सकाळ सोयीची ठरते.

२०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत सलग दहा मिनिटांची अट उरलेली नाही. औषधे आणताना चाललेली पाच मिनिटेही हिशेबात धरावीत. रुग्णासह घेतलेला फेरफटका हितकारक असला, तरी त्याची गती रुग्णाची असते. स्वतःचे चालणे निराळे राखावे. दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

मानसिक ताण असह्य झाल्यास ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.