निरीक्षण अभ्यास (मानसशास्त्र)

निरीक्षण अभ्यास ही मानसशास्त्रातील एक संशोधनपद्धती आहे. या पद्धतीत सहभागी व्यक्तींना वेगवेगळ्या प्रायोगिक गटांत न विभागता त्यांचे वर्तन पूर्वनिश्चित नियमांनुसार पाहिले व नोंदवले जाते. वर्तन त्याच्या नेहमीच्या ठिकाणी पाहिल्यास त्यास नैसर्गिक निरीक्षण म्हणतात. संशोधकाने सर्वांसाठी सारखाच प्रसंग रचून केलेले निरीक्षण नियंत्रित, तर गटात सामील होऊन केलेले निरीक्षण सहभागी निरीक्षण होय. संख्याशास्त्र व वैद्यकशास्त्रात हीच संज्ञा अधिक व्यापक अर्थाने, म्हणजे प्रयोग नसलेल्या कोणत्याही अभ्यासासाठी, वापरली जाते. प्रस्तुत लेख वर्तनाच्या प्रत्यक्ष निरीक्षणापुरता मर्यादित आहे.

तान्ही मुले आणि प्राणी प्रश्नावली भरू शकत नाहीत. प्रौढांनी स्वतःविषयी दिलेली माहितीही त्यांच्या प्रत्यक्ष वागण्याशी जुळतेच असे नाही. त्यामुळे बालमानसशास्त्रात या पद्धतीला विशेष स्थान आहे. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या बाल्यावस्थेतील नोंदींवर आधारित लेख १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अशा रोजनिशीवजा नोंदी तपशिलाने समृद्ध असतात. मात्र काय टिपायचे आणि काय सोडायचे हे पाहणाऱ्याच्या त्या क्षणीच्या मर्जीवर राहते. निरीक्षणापूर्वी केलेल्या रचनेचा मुख्य हेतू ही मर्जी दूर ठेवणे हा असतो.

वर्तनाची व्याख्या

पहिली पायरी म्हणजे अभ्यासविषयाची कार्यात्मक व्याख्या. 'आक्रमकता' हा शब्द पुरेसा नाही. एका मुलाने दुसऱ्याच्या हातातून खेळणे हिसकावले तर ती आक्रमकता मानायची का? हसत खेळत झालेल्या झटापटीचे काय? वर्तनप्रकार परस्परांपासून स्पष्ट वेगळे असावेत, घडू शकणारे प्रत्येक वर्तन त्यांपैकी कोणत्या तरी एका प्रकारात बसावे आणि व्याख्या वाचून अनोळखी माणसालाही तीच नोंद करता यावी, अशी अपेक्षा असते. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेला बालवाडीतील मुलांचा अभ्यास याचे जुने पण आजही उपयुक्त उदाहरण आहे. त्यांनी मुलांच्या सामाजिक सहभागाचे सहा प्रकार ठरवले: कशातही न गुंतणे, एकट्याने खेळणे, इतरांचा खेळ नुसता पाहणे, शेजारी राहून वेगवेगळे खेळणे (समांतर खेळ), एकमेकांत मिसळून पण समान उद्दिष्टाविना खेळणे आणि सहकार्याने खेळणे. मुक्त खेळाच्या वेळेत प्रत्येक मुलाकडे एकेक मिनिट पाहून त्याची नोंद केली गेली.

कोणते वर्तन मोजायचे यावर निष्कर्ष कसे अवलंबून असतात, हे मेरी एन्सवर्थ यांच्या कार्यात दिसते. युगांडात माता व बालकांचे निरीक्षण केल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांच्या घरी, बाळाच्या पहिल्या वर्षात सुमारे तीन आठवड्यांनी एकदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास निरीक्षणे केली. त्याला जोड म्हणून 'अपरिचित परिस्थिती' ही प्रयोगशाळेतील कार्यपद्धती आखण्यात आली. तीत आठ छोटे प्रसंग असून बहुतेक प्रसंग सुमारे तीन मिनिटांचे असतात. आई दोनदा खोलीबाहेर जाते व परत येते. काही प्रसंगांत अनोळखी स्त्री उपस्थित असते. आई गेल्यावर बाळ किती रडते, हीच नोंद महत्त्वाची असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वर्गीकरण मुख्यतः आई परतल्यावर बाळ तिच्याकडे कसे वळते यावर आधारलेले आहे. केवळ रडणे मोजले असते, तर रडणारे पण आई येताच शांत होणारे बाळ आणि रडतच तिला दूर लोटणारे बाळ एकाच गटात गेले असते.

नमुना निवड

सर्व काही, सर्व वेळ पाहणे अशक्य असते. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राणिवर्तनाच्या निरीक्षणातील नमुना पद्धतींची चिकित्सा केली. तिचा प्रभाव मानवी वर्तनाच्या अभ्यासावरही पडला. जे दिसेल ते टिपत गेल्यास ठळक, गोंगाटाच्या घटना आणि धीट व्यक्ती नोंदवहीत जास्त भरतात, तर कोपऱ्यात शांत बसणारे निसटतात. म्हणून एका व्यक्तीवर ठरावीक वेळ लक्ष केंद्रित करून मग क्रमाने पुढच्या व्यक्तीकडे वळण्याची पद्धत सुचवली गेली. कालनमुना पद्धतीत ठरलेल्या कालखंडांतील वर्तन नोंदवतात. विरळ वर्तनासाठी, उदाहरणार्थ भांडणासाठी, घटनानमुना पद्धत सोयीची ठरते.

निरीक्षकांमधील एकमत

दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदी जुळतात का, हे तपासावे लागते. नुसती टक्केवारी येथे फसवी ठरते. समजा, १०० कालखंडांपैकी प्रत्येक निरीक्षकाने १० मध्ये आक्रमक वर्तन नोंदवले. दोघांनी मिळून 'आहे' म्हटलेले कालखंड ४ आणि 'नाही' म्हटलेले ८४ आहेत. एकमत ८८ टक्के झाले. परंतु इतक्या विरळ वर्तनात केवळ योगायोगानेच ८२ टक्के एकमत अपेक्षित असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा गुणांक हा योगायोग वजा करतो. येथे त्याचे मूल्य सुमारे ०.३३ येते, म्हणजे एकमत बरेच कमकुवत आहे. तथापि दोघेही एकाच पूर्वग्रहाने पाहत असतील तर उच्च गुणांकही निरुपयोगी होय.

पूर्वग्रह व प्रतिक्रियाशीलता

रोझेन्थाल व फोड यांच्या १९६३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सामान्य उंदीर देऊन काहींना ते 'हुशार' वंशाचे, तर काहींना 'मंद' वंशाचे असल्याचे सांगण्यात आले. 'हुशार' उंदरांची कामगिरी सरस नोंदवली गेली. यामुळे निरीक्षकांना गृहीतक व सहभागींचा गट कळू न देण्याची दक्षता घेतली जाते. आपल्याला पाहिले जात आहे याची जाणीव झाल्यास वर्तनही बदलते. यास प्रतिक्रियाशीलता म्हणतात. सुरुवातीच्या काही भेटींतील नोंदी विश्लेषणात न घेणे किंवा चित्रीकरणाची सवय होऊ देणे हे त्यावरील नेहमीचे उपाय आहेत.

लपून केलेल्या निरीक्षणाने ही अडचण टळते, परंतु नैतिक प्रश्न उभा राहतो. फेस्टिंगर व सहकाऱ्यांनी जगबुडीची भविष्यवाणी मानणाऱ्या एका गटात ओळख लपवून प्रवेश केला होता (ग्रंथ, १९५६). लहान गटात निरीक्षकांची उपस्थितीच गटाचा विश्वास बळकट करू शकते, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. बालकांच्या अभ्यासात पालकांची संमती आवश्यक मानली जाते.

अर्थनिर्णयाच्या मर्यादा

निरीक्षणातून सहसंबंध समजतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. बाल्टिमोर येथील नोंदींत आईची संवेदनशीलता व बाळाचा सुरक्षित अनुबंध यांत संबंध आढळला. परंतु शांत स्वभावाच्या बाळाला प्रतिसाद देणे आईला सोपे जात असेल, किंवा कुटुंबाची परिस्थिती दोन्हींवर परिणाम करत असेल, या शक्यता तेवढ्याने नाकारता येत नाहीत. रचलेल्या प्रसंगाचा अर्थही सर्वत्र एकच नसतो. जपानमध्ये ज्या बाळांना आईपासून दूर राहण्याची सवय नव्हती, त्यांना हीच कार्यपद्धती अधिक तणावाची ठरली, असे अभ्यासकांनी निदर्शनास आणले. व्हॅन आयझेनडोर्न व क्रूनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात देशादेशांमधील फरकांपेक्षा एकाच देशातील अभ्यासांमधील फरक सुमारे दीडपट आढळला.