आडनाव काय सांगतं आणि काय सांगत नाही : 'अ‍ॅटनबरो' या नावाचा शोध



इतिहासाची साधनं म्हटलं की ताम्रपट, नाणी, बखरी, दफ्तरं असं सगळं आपल्या डोळ्यांपुढे येतं. आज मी त्यातलं काहीच घेतलेलं नाही. मी घेतलं आहे एक आडनाव : अ‍ॅटनबरो.

नाव तुमच्या कानावरून गेलेलं आहे. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८२ साली 'गांधी' हा चित्रपट केला, त्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या. त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड, प्राणिसृष्टीवरच्या माहितीपटांमुळे त्यांचा आवाज घरोघरी पोचला. नाव इतकं ऐकलेलं असल्यामुळे आपला समज होतो की विलायतेत अ‍ॅटनबरो पैशाला पासरी असतील. तसं नाही. ब्रिटनमध्ये स्मिथ हे आडनाव लावणारे पाच लाखांहून जास्त आहेत. त्या मानाने अ‍ॅटनबरो मूठभर, आणि नावाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने म्हणूनच मोलाचे.

माझा प्रश्न साधा आहे. दोन अनोळखी माणसांचं आडनाव एक आणि ते आडनाव दुर्मीळ, तर ती दोघं एका रक्ताची असं म्हणता येईल का? आणि म्हणता आलं, तर त्यातून नेमकं काय सिद्ध होतं? हा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न नाही, बरं का. 'आम्ही इथले मूळचे, तुम्ही बाहेरचे' हे वाक्य जगात जिथे जिथे उच्चारलं जातं, तिथे आडनाव हा पहिला पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो पुरावा किती वजन पेलतो, हे तपासायला हवं.

इंग्लंडमध्ये आडनावं तुलनेने उशिरा आली. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी सामान्य माणसाला एकच नाव पुरे होतं. नंतर जमीनदार घराण्यांनी वंशपरंपरागत नावं घ्यायला सुरुवात केली आणि ती चाल हळूहळू खाली झिरपली. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्लिश कुटुंबांना वडिलांकडून मुलाकडे जाणारं आडनाव मिळालेलं होतं. या काळातला फार मोठा पुरावा म्हणजे १३७७, १३७९ आणि १३८१ या सालच्या डोईपट्टीच्या याद्या. कर वसूल करायचा तर माणूस ओळखता आला पाहिजे. गावात पाच जॉन असतील तर लोहाराचा जॉन कोणता आणि ओढ्याकाठचा जॉन कोणता, हे कारकुनाला लिहावंच लागतं. १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला. १६६२ नंतर काही वर्षं चुलींवर कर होता, त्याच्याही याद्या आहेत. थोडक्यात, सामान्य माणसाचं नाव जपून ठेवण्याचं श्रेय पुष्कळदा कर गोळा करणाऱ्यांना जातं.

आता अ‍ॅटनबरोकडे वळू. या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या गेल्या आहेत.

पहिली अशी. मध्ययुगीन इंग्रजीत 'अ‍ॅटन' म्हणजे 'अमक्यापाशी'. 'अ‍ॅटन अ‍ॅश', अ‍ॅश वृक्षापाशी राहणारा, त्याचं झालं नॅश. 'अ‍ॅटन ओक्स', ओक वृक्षांपाशी राहणारा, त्याचं झालं नोक्स. मागच्या शब्दातला न पुढच्या शब्दाला चिकटला. या न्यायाने अ‍ॅटनबरो म्हणजे 'बरो'पाशी, तटबंदीच्या जागेपाशी राहणारा. ऐकायला एकदम पटतं.

पण इथे व्याकरण आडवं येतं. जुन्या इंग्रजीत आपल्या मराठीसारखीच तीन लिंगं होती. तटबंदीसाठीचा 'बुर्ह' हा शब्द स्त्रीलिंगी. स्त्रीलिंगी शब्दाआधी 'अ‍ॅटर' हे रूप यायला हवं, 'अ‍ॅटन' नव्हे. आणि तसं आडनाव खरोखर आहे : अ‍ॅटरबरी. मग काही कोशकारांनी तोड काढली की इथे बरो म्हणजे तटबंदी नसून टेकडी किंवा राई असावी, कारण ते शब्द पुल्लिंगी आहेत.

दुसरी व्युत्पत्ती सरळ आहे. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं एक गाव आहे. आडनाव तिथून आलं. गावाच्या नावाचा अर्थ अ‍ॅडा किंवा तशाच नावाच्या कुणा माणसाची तटबंदी, असा लावला जातो. म्हणजे नावातल्या 'अ‍ॅटन'चा 'पाशी'शी संबंधच उरत नाही.

दोन्ही अर्थ कागदावर संभवतात. निवाडा कसा करायचा? इथे नकाशा मदतीला येतो. टेकडीपाशी, राईपाशी, तटाशी राहणारी माणसं इंग्लंडभर होती. नाव तसं पडलं असतं तर ते ठिकठिकाणी विखुरलेलं सापडलं असतं. १८८१ च्या जनगणनेत मात्र अ‍ॅटनबरो मंडळींचा दाट पुंजका दिसतो तो नॉटिंगहॅमशायर आणि शेजारच्या डर्बीशायरमध्ये, त्या गावाच्या पंचक्रोशीत. व्याकरणाने जे नुसतं सुचवलं, ते भूगोलाने पक्कं केलं.

ही नकाशाची पद्धत रूढ करणारा माणूस मोठा गमतीचा आहे. हेन्री गपी हा मूळचा वैद्य आणि निसर्गअभ्यासक. वनस्पतींच्या बिया समुद्रावरून कशा पसरतात याचा त्याने अभ्यास केला. १८९० मध्ये त्याने ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ ठिकाणांवर पुस्तक लिहिलं. नावं निवडली ती शेतकऱ्यांची, कारण शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही. पुढे १८८१ ची जनगणना संगणकावर आली आणि गपीला जे हाताने करावं लागलं, ते आता घरबसल्या कुणालाही करता येतं. २०१६ मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावांचा कोश काढला, त्यातही नाव कुठे आढळतं याला मोठं वजन दिलेलं आहे.

आता एक सूक्ष्म गोष्ट बघा. गावाचं नाव आडनाव म्हणून कुणाला मिळतं? चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणण्यात काय अर्थ आहे? सगळेच चिपळूणचे. तो पुण्याला गेला की चिपळूणकर होतो. इंग्लंडमध्ये अगदी हेच घडलं. अ‍ॅटनबरो गावातला इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध माणूस हेन्री आयर्टन. १६११ साली तिथे जन्मला, ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई झाला, पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर त्याची सही आहे. त्याचं आडनाव डर्बीशायरमधल्या आयर्टन या गावावरून आलेलं, आणि त्या गावाच्या नावाचा अर्थ 'आयरिश लोकांची वस्ती'. म्हणजे अ‍ॅटनबरोत राहणारा आयर्टन, आणि अ‍ॅटनबरो आडनावाचे लोक दुसऱ्या गावांत! गावावरून पडलेलं आडनाव आपण मुळांची खूण मानतो. प्रत्यक्षात ते नाव पडतं तेच कुणीतरी गाव सोडल्यामुळे. ते स्थलांतराचं प्रमाणपत्र आहे.

आता रक्ताचा प्रश्न. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, आणि वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं. दोन्ही एकाच वाटेने चालतात, तर ती ताडून बघता येतील. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. साइक्स म्हणजे छोटा ओहोळ. उत्तर इंग्लंडमध्ये असे ओहोळ जागोजागी, तेव्हा नावही अनेकांना स्वतंत्रपणे पडलं असणार असं वाटत होतं. तरी जवळजवळ निम्म्या पुरुषांचं गुणसूत्र एकाच घडणीचं निघालं.

त्यानंतर लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी हे काम पद्धतशीरपणे केलं. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात ४० आडनावांचे १,६७८ पुरुष होते. स्मिथ मंडळींत परस्परसाम्य जवळजवळ नाहीच. बरोबर आहे, लोहार गावोगाव होता. अ‍ॅटनबरो आडनावात मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त पुरुषांचं वाय गुणसूत्र एकच किंवा जवळजवळ एकसारखं निघालं. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : दोन अनोळखी अ‍ॅटनबरो भेटले, तर ते दूरचे भाऊबंद असण्याची शक्यता चांगली भक्कम आहे.

इथे टाळ्या वाजवून उठायचा मोह होतो. पण माझा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा जरा थांबू. यावरून 'अ‍ॅटनबरो घराण्याचा मूळपुरुष एकच होता' हे सिद्ध झालं का? नाही. आज एकच वंश उरला आहे आणि आरंभी एकच वंश होता, ही दोन वेगळी विधानं आहेत.

का, ते सांगतो. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी एक कोडं घातलं : घराण्यांची नावं नामशेष का होतात? हेन्री वॉटसन नावाच्या धर्मोपदेशक गणितज्ञाने ते सोडवायला घेतलं. एखाद्याला मुलीच झाल्या, एखादा निपुत्रिक गेला, एखादा साथीत गेला, की त्याच्यापुरतं नाव संपलं. यात ना कुणाचा दोष, ना कुणाचं कर्तृत्व. समजा, चौदाव्या शतकात त्या गावातून पाच वेगळी कुटुंबं बाहेर पडली आणि पाचांनाही अ‍ॅटनबरो म्हटलं गेलं. शतकं उलटता उलटता चार विझली, एक फोफावलं. आज तपासणी केली तर चित्र अगदी असंच दिसेल. तेव्हा 'आमचं घराणं टिकलं' यात अभिमानापेक्षा नशिबाचा भाग मोठा आहे.

आणि उरलेले तीसएक टक्के? धागा तुटण्याची कारणं अनेक. दत्तक मूल, वारसा मिळावा म्हणून सासरच्या घराण्याचं नाव घेणारा जावई, अविवाहित आईचं आडनाव लावणारा मुलगा, आणि विवाहबाह्य संबंध. दहातलं एक मूल कागदावरच्या बापाचं नसतं, असं चवीने सांगितलं जातं. लेस्टरच्या अभ्यासकांच्या मते हा आकडा फुगवलेला आहे. खरं प्रमाण पंचविसात एकाहूनही कमी असावं. पण हिशेब करून बघा. दर पिढीला चार टक्के धरले, तरी वीस पिढ्यांत धागा अखंड राहण्याची शक्यता ४४ टक्के उरते. घराण्यात कुणी पाप केलं होतं का, हा प्रश्नच गैरलागू आहे. वीस पिढ्या म्हणजे सहाशे वर्षं. इतक्या काळात काहीही न घडणं हेच नवल.

यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाची गोष्ट याहून बोलकी आहे. २००७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा संशोधकांनी ते आडनाव उघड केलं नव्हतं. आपणही ते घेऊ नये. त्या नावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत असं वाय गुणसूत्र सापडलं, जे तोवर फक्त पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत आढळलं होतं. दिसायला ही सगळी इतर यॉर्कशायरकरांसारखीच गोरी माणसं, आणि आपल्या कुळात आफ्रिकेचा संबंध असल्याची कुणालाच कल्पना नव्हती. कागदपत्रांवरून दोन शाखा जुळल्या, त्या १७८० च्या दशकात यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्या दोन पुरुषांपर्यंत. दोघांचा समाईक पूर्वज त्याहून जुना. आता सांगा, ही माणसं 'मूळची' कुठली?

शिवाय आडनाव हा आपल्या वंशाचा किती भाग आहे? वीस पिढ्या मागे गेलं की तुमच्या वंशवृक्षात १०,४८,५७६ जागा होतात. काही पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, हे खरं. पण आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही त्या दहा लाखांतल्या एकाच जागेकडे बोट दाखवतात. आई, आजी, पणजी सगळ्या वगळून. एका धाग्यावरून लुगड्याचा रंग सांगण्यासारखं आहे हे.

शेवटी पुन्हा अ‍ॅटनबरो. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक हे स्टेपलफोर्डचे, म्हणजे अ‍ॅटनबरो गावापासून चार-पाच किलोमीटरवरचे. सहा-सातशे वर्षांत नाव एवढंच सरकलं होतं! ते अभ्यासक होते जुन्या इंग्रजीचेच. इंग्लंडच्या आद्य राजांचे कायदे त्यांनी १९२२ मध्ये भाषांतरासह संपादित केले. ज्या भाषेत त्यांच्या आडनावाचा अर्थ दडला होता, ती भाषा ते वाचू शकत होते. १९३२ मध्ये ते लेस्टरच्या विद्यापीठ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे त्याचंच विद्यापीठ झालं, आणि तिथेच या आडनावांची गुणसूत्रं तपासली गेली.

याच फ्रेडरिक आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी १९३९ मध्ये बर्लिनहून निसटलेल्या दोन ज्यू बहिणींना घरात घेतलं. थोड्या दिवसांसाठी आलेल्या मुली युद्धामुळे सात वर्षं राहिल्या, तीन मुलांच्या बहिणी म्हणून वाढल्या. कुठल्याही गुणसूत्रात त्याची नोंद नाही, आडनावांच्या कुठल्याही नकाशावर त्या दोन टिंबं नाहीत.

म्हणून मी म्हणतो, आडनाव हा साक्षीदार चांगला आहे. कोणत्या नदीकाठचा, कोणत्या वाटेने आलेला, हे तो बऱ्यापैकी खरं सांगतो. त्याला तेवढंच विचारावं. कोण आपलं आणि कोण परकं, हे त्याला विचारू नये. त्याने ते पाहिलेलंच नाही.