जिन्यावरच्या काचेची हकीकत

सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, पार्किंग हेच विषय निघतात. मला मात्र लिहायचंय जिन्यावरच्या काचेबद्दल. स्कायलाइट हा शब्द फक्त कोटेशनमध्ये. आपल्याकडे लहानथोर सगळे तिला ‘काच’च म्हणतात, आता ती काचेची राहिलेली नसली तरी.

बिल्डरने दिलेली मूळ काच जाड होती, आत तारेची जाळी असलेली. गच्चीवर विटांचा कट्टा, त्यावर लोखंडी अँगलची चौकट, आणि चौकटीखाली दोन बाजूंना जाळी लावलेली फट. त्या फटीतून जिन्यातली कोंदट हवा निघून जायची. पुढे अँगल गंजून फुगले, काचेला तडे गेले आणि सर्वसाधारण सभेने पॉलिकार्बोनेटची शीट बसवायचं ठरवलं. हलकी आणि सहसा न फुटणारी.

पहिल्याच पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागल्या. चौथ्या मजल्यावर एका घराच्या छताला ओल आली, मग पोपडे. ठेकेदार येऊन सिलिकॉन भरून गेला. पुन्हा गळालं, पुन्हा भरलं. खालच्या मजल्यांवरून सूर निघाला, ‘त्यांचं त्यांनी बघावं.’ वास्तविक छपराची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती हा खर्च सोसायटीचाच, हे आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वाद दोन सभा चालला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. शेवटी ठराव आला : भोकच स्लॅब टाकून बुजवा. आपल्याकडे लिफ्ट नाही. भर दुपारी अंधाऱ्या जिन्यातून म्हाताऱ्या माणसांनी कसं चढायचं, हे कोणी विचारलं नाही.

मतदानाआधी आपल्यातलेच एक निवृत्त ओव्हरसियर काका म्हणाले, “पाणी येतंय कुठून ते तरी बघू.” त्यांनी रविवारी नळी लावली, पण खालून वर. आधी फक्त कट्ट्याच्या पायाशी पाणी सोडलं, वर शीटवर एक थेंब नाही. वीस मिनिटांत चौथ्या मजल्यावरची ओल गडद झाली. म्हणजे त्या ओलीपुरती तरी नवी शीट निर्दोष!

कारण जुनं होतं. इतक्या वर्षांत गच्चीवर दोनदा कोबा झाला, दोन्ही वेळा जुना न काढता त्यावरच नवा. मूळ सहा-सात इंचांचा कट्टा जेमतेम दोन इंच उरला होता. जोराच्या पावसात साचलेलं पाणी कोब्याच्या वाट्यावरून चढून चौकटीखाली शिरायचं आणि स्लॅबमधून वाट काढत भलतीकडेच उतरायचं.

मग नळी वर सरकली, तेव्हा शीटचा दोषही सापडला. भोकं स्क्रूच्याच मापाची होती आणि स्क्रू करकचून आवळलेले. पॉलिकार्बोनेट उन्हाने चांगलंच वाढतं : दोन मीटर शीट, ३० अंशांचा फरक, तर साधारण ४ मिलिमीटर. तेवढीच काच अर्धा मिलिमीटर वाढते. वाढायला जागा नसल्याने भोकांभोवती चिरा पडल्या होत्या. त्यात सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, म्हणजे आम्लयुक्त. ते या शीटला चालत नाही, न्यूट्रल लागतं.

तिसरी तक्रार हिवाळ्यातली. पाऊस नाही, तरी पहाटे टपटप. ती गळतीच नव्हती. नव्या कामात हवेची फट बंद केली होती, त्यामुळे घराघरांतली दमट हवा वर अडकून गार शीटखाली दव धरायची.

स्लॅबचा ठराव मागे घेतला गेला. कट्ट्याभोवतीचा जुना कोबा खरवडला, कट्टा उंच केला, वाटा नीट वर चढवला. शीट नवी आणली, भोकं मोठी ठेवून रबरी वॉशर लावले, आणि फट पुन्हा उघडली, जाळीसकट. गच्चीवर पाणी तुंबवून ४८ तास ठेवलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्या दोन दिवसांत छताकडे किती वेळा पाहिलं असेल, त्यांनाच ठाऊक. ओल आली नाही. त्या घराच्या छताच्या रंगाचं बिल सोसायटीने दिलं.