गावाच्या नावाचा खवा

गेल्या दिवाळीत गुलाबजामांसाठी मी मोबाइलवरून खवा मागवला. दुकानाच्या संकेतस्थळावर ‘कुंथलगिरी’ हे नाव ठसठशीत होते. डबा घरी आला तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत भलतेच गाव निघाले. पाहुण्यांनी गुलाबजाम आवडीने खाल्ले. मी पडलो धाराशिवकडचा. मला काही तो घास गोड लागेना.

कुंथलगिरी हे आमच्या भूम तालुक्यातले जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन येथेच देह ठेवला. मुलूख बालाघाटाचा, पाऊस बेभरवशाचा. शेतीने दगा दिला तरी दावणीची जनावरे घर तारतात. पण दूध नासणारे आणि बाजार लांब. म्हणून ते कढईत आटवायचे. पाच-एक लिटर गाईचे दूध आटते, तेव्हा कोठे किलोभर खवा हाती लागतो. भट्टीच्या धगीपुढे बसणाऱ्यांनीच या नावाला किंमत आणली आहे.

मग या नावाचा धनी कोण? हिंदुस्थानात व्यापारचिन्हांचा कायदा १९४० साली झाला, पण तो ब्रिटिश मुलखापुरता. आमचा तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात. संस्थान विलीन झाल्यावर १९५८ चा कायदा सबंध देशासाठी झाला. तरी व्यापारचिन्ह म्हणजे दुकानावरची पाटी. तिला बहुधा एक मालक असतो, आणि ती कोणी चोरली तर तोच कोर्टात धाव घेतो.

इंटरनेट आले आणि पाटीची जागा संकेतस्थळाच्या पत्त्याने घेतली. ‘रेडिफ’च्या पत्त्यात इंग्रजीचे एकच अक्षर बदलून कोणी ‘रॅडिफ’ मांडले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह यांनी त्याला मनाई केली. असा पत्ता हे निव्वळ ठिकाण नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात हीच वाट धरली.

हे झाले कंपन्यांचे. गावाचे नाव साऱ्या गावाचे. त्यासाठी भौगोलिक मानांकनाचा वेगळा कायदा १९९९ साली झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. आधी शेजारच्या सोलापूरच्या चादरीला त्याचा आधार मिळाला, आणि २०२४ साली कुंथलगिरीच्या खव्यालाही. हा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. वडिलोपार्जित विहिरीसारखा तो सामाईक आहे. खोटे मानांकन लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण मेख पुढेच आहे. संकेतस्थळांच्या पत्त्यांचे तंटे लवादापुढे सोडवण्यासाठी १९९९ साली जगासाठी जी नियमावली झाली, ती फिर्यादीकडे व्यापारचिन्ह मागते. नुसते मानांकन तिला पुरत नाही. फ्रान्समधल्या शॅम्पेनवाल्यांनी २०११ साली ‘शॅम्पेन’ नावाच्या एका पत्त्याबद्दल तक्रार केली, ती याच कारणाने फेटाळली गेली. त्या धनाढ्यांची ही गत, तर भूमच्या भट्टीवाल्याने कोणाच्या दारात उभे राहायचे? आपल्या न्यायालयाची वाट मोकळी आहे खरी. पण खटला चालवायचा तर भट्टी कोणी पेटती ठेवायची?

तेव्हा थोडी राखण आपणा गिऱ्हाइकांकडेच येते. यंदा खवा मागवण्याआधी मी त्याच दुकानाला विचारले, “खवा कोणत्या गावच्या भट्टीचा?” उत्तर आले नाही, मीही पैसे धाडले नाहीत. भाचा भूमहून एस.टी.ने येणार आहे. त्याला सांगितले आहे, “पिशवीत दुसरे काही नसले तरी चालेल.”