नाणे उडवून ठरवलेली मदत

आठवी-नववीच्या मुलाला शाळेबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाची सोबत मिळावी, त्याने आठवड्यातून तासभर यावे, गणिते सोडवून घ्यावीत, गप्पा माराव्यात, ही कल्पना इतकी सरळ वाटते की ती तपासून पाहावी असे कोणाला सुचत नाही. महाविद्यालयातली मुले, निवृत्त गृहस्थ, आमच्यासारखी प्रयोगशाळेतली मंडळी उत्साहाने शाळेत येतात. मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत. चांगल्या हेतूने केलेल्या कामाने फार तर काय होईल? उपयोग होणार नाही, एवढेच. या 'एवढेच'ची परीक्षा अमेरिकेत एकदा झाली.

तिकडे या कामाची सुरुवात १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात झाली असे मानतात. तेथील एक अधिकारी अर्नेस्ट कूल्टर रोज नवनवी मुले आरोपी म्हणून उभी राहताना पाहत होते. एका सभेत त्यांनी आवाहन केले की, एकेका मुलाचा एकेकाने मोठा भाऊ व्हावे. सुमारे चाळीस जण पुढे आले आणि त्यातून 'बिग ब्रदर्स' चळवळ वाढली. या कामाचा उपयोग होतो, हे बहुतेकांनी गृहीतच धरले.

ज्यांनी ते गृहीत धरले नाही, ते बॉस्टनचे एक डॉक्टर होते, रिचर्ड कॅबट. त्यांनी १९३५ साली बॉस्टनशेजारच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक योजना आखली. शिक्षक व इतरांच्या शिफारशीवरून मुले निवडली. त्यांत वांड मुले होती, तशी साधी मुलेही होती. मग वय, बुद्धी, स्वभाव, घरची स्थिती यांत सारख्या असलेल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवले. एकाला मदत मिळणार, दुसऱ्याला नाही. हे निर्दय वाटेल. पण मदत न मिळालेला तसाच दुसरा मुलगा समोर नसेल, तर पहिल्यात झालेला बदल मदतीमुळे की नुसत्या वाढत्या वयामुळे, हे कळायचे कसे? औषधांच्या चाचण्यांतही ही पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी प्रसिद्ध झाली ती १९४८ साली.

प्रत्यक्ष काम १९३९ ते १९४५ चालले. कॅबट मात्र ते सुरू होण्याच्या सुमारासच वारले. मदत देणारे पगारी कार्यकर्ते होते. ते मुलांच्या घरी महिन्यातून सरासरी दोनदा जात आणि हे सरासरी साडेपाच वर्षे चालले. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात मदत मिळाली, अनेकांना वैद्यकीय उपचार मिळाले, काही उन्हाळी शिबिरांना गेली. महायुद्धामुळे कार्यकर्ते बदलत राहिले. शेवटी दोन्ही गटांत मिळून ५०६ मुले उरली. १९५१ साली अहवाल निघाला. गुन्हेगारीच्या बाबतीत दोन गटांत फरक दिसला नाही.

येथेच सारे संपले असते. पण जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने जुनी कागदपत्रे धुंडाळून तीस वर्षांनंतर ही मुले, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेले पुरुष, पुन्हा शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरे पाठवली, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. १९७८ साली मॅकॉर्डबाईंनी आकडे प्रसिद्ध केले. ज्या बाबींत फरक दिसला, त्यांत मदत मिळालेला गटच मागे होता. पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार आणि लवकर मृत्यू यांचे प्रमाण त्याच गटात जास्त होते. कृतज्ञता खरी असेल. पण ती परिणामाचे माप नव्हे.

असे का व्हावे? मॅकॉर्डबाईंनी काही शक्यता मांडल्या: मुले मदतीवर अवलंबून राहिली असतील, किंवा अपेक्षा वाढल्या आणि पुढे त्या पूर्ण झाल्या नाहीत. पुढच्या विश्लेषणात एक ठळक धागा सापडला. नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्यांत दिसत होते. अशा मुलांना एकत्र ठेवले की ती एकमेकांसमोर खोड्यांच्या बढाया मारतात, आणि दाद मिळते ती बढाईला. वर्गात 'ढ' मुलांचा वेगळा बाक करणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये.

केवळ स्वयंसेवकांच्या कामाची मोठी चाचणी व्हायला मात्र १९९५ साल उजाडले. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' संस्थेच्या आठ केंद्रांत १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांची दीड वर्षानंतर तुलना झाली. या वेळी फायदा दिसला: अमली पदार्थ सुरू करणाऱ्या आणि शाळा चुकवणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी होते. पण त्याच माहितीची ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ साली वेगळी मांडणी केली. वर्षभर वा अधिक टिकलेल्या जोड्यांत फायदा सर्वांत जास्त होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मसन्मान मात्र आधीपेक्षाही खालावला होता. आधीच कोणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेला, तर तो त्याचा अर्थ काय लावणार?

शाळेत चालणाऱ्या उपक्रमांची गोची इथेच आहे. २००७ साली ७१ शाळांतील १,१३९ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाअखेर वर्गातले काम सुधारलेले दिसले, पण दुसऱ्या वर्षी तो फायदा बहुतांशी ओसरला. जोड्या उशिरा लागत आणि शाळेला सुटी लागली की भेटी थांबत. पहिल्या वर्षी मिळालेला सहवास सरासरी जेमतेम पाच महिन्यांचा होता. ज्या जोड्यांनी सुटीतही पत्राने वा भेटीने संपर्क ठेवला, त्या पुढच्या वर्षी टिकण्याची शक्यता अधिक होती. आपल्याकडे स्वयंसेवक ऑगस्टमध्ये येतो, दिवाळीत खंड पडतो आणि फेब्रुवारीत त्याच्या स्वतःच्या परीक्षा येतात. त्याला पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न म्हणजे पुढच्या जूनमध्ये तो गावात असणार आहे का.