यादवी युद्ध, अमेरिकन : खानदेशावरील परिणाम

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या युद्धामुळे खानदेशातील कपाशीची शेती, बाजार आणि सावकारी यांत झालेली उलथापालथ. वरणगाव (ता. भुसावळ, जि. जळगाव) आणि तापीकाठची काळ्या जमिनीची गावे तेव्हा अखंड खानदेश जिल्ह्यात होती, मुख्यालय धुळे. ही गावे जगाच्या बाजाराशी कायमची बांधली गेली ती याच काळात.

युद्धापूर्वी इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वाटा अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. तो पिकवणारे हात गुलामांचे होते. १८६०च्या सुमारास तेथे जवळजवळ चाळीस लाख कृष्णवर्णीय माणसे गुलामगिरीत होती. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, त्याच महिन्यात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि इंग्लंडचा कच्चा माल तुटला. गिरण्या बंद पडून मजुरांची उपासमार झाली. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२च्या अखेरीस लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. ही घटना या साऱ्या इतिहासात सर्वांत उजळ म्हणावी लागेल.

इंग्रज व्यापारी मग हिंदुस्थानी कापसाकडे वळले. या कापसाचा धागा आखूड, त्यात माती-सरकीची भेसळ. लँकेशायरचे कामगार त्याला नाक मुरडत. तरी मुंबईत भाव चौपटीपर्यंत चढले. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. खानदेशात लांब धाग्याच्या हिंगणघाटी बियाण्याचा प्रसारही सरकारी जोराने झाला. ज्वारी-बाजरीच्या रानात कपाशी आली, आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. वाहतूक आधी बैलगाड्यांवर होती. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगावमार्गे भुसावळला पोहोचली. भुसावळहून नागपूरकडे गेलेला फाटा वरणगावावरून जातो. तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, म्हणजे तेजी ओसरल्यावर. भुसावळ जंक्शन वाढले तसे वरणगावचे जुने व्यापारी महत्त्व घटले.

या तेजीत मुंबईकडे नेहमीपेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक रक्कम आल्याचा अंदाज आहे. तो पैसा प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांच्या हातून बॅकबेच्या भरावात आणि नव्या कंपन्यांच्या शेअरांत फिरला. शेतकऱ्याच्या पदरी त्यातले काय पडले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. भाव चढताच जमीन-जुमल्यावरची त्याची पत वाढली आणि सावकाराने हात सैल सोडला. लग्नकार्य, बैलजोडी, विहीर यांसाठी कर्ज घेताना उद्याचा भाव आजच्यासारखाच राहील असे धरले गेले. त्यात त्याची चूक काढणे अन्यायाचे आहे. दक्षिणेचे सैन्य जिथे शरण गेले त्या अप्पोमॅटॉक्सचे नाव त्याच्या कानावर यायचे कारणच नव्हते, आणि आपल्या रानातल्या बोंडाचा भाव तिथे ठरत होता हे त्याला सांगणारेही कोणी नव्हते.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. पाच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. शांतता येताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईतील वायद्यांचा हिशेब चुकता करण्याच्या दिवशी सट्ट्याचा डोलारा ढासळला. जळगावच्या पेठेला जबर फटका बसला. कर्जे मात्र तशीच राहिली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यामागच्या कारणांत अभ्यासक या तेजी-मंदीचाही समावेश करतात.

याच युद्धाचा दुसरा वारसा, म्हणजे गुलामांची मुक्ती, महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. खानदेशचा कापूस आणि फुले यांची अर्पणपत्रिका हे दोन्ही धागे एकाच युद्धातून निघतात, याकडे आपल्या इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मंदीनंतरही कपाशी खानदेशातून हटली नाही. १८७०च्या दशकात जळगावात सूत व कापडाची गिरणी निघाली. आजही जळगाव जिल्ह्यात केळीबरोबर कपाशी हेच मुख्य नगदी पीक असून तिच्या भावावर अमेरिकेतील पीक व बाजार यांचा परिणाम होतो.