संग्रहाकडून परवान्याकडे : घरगुती संगीत व चित्रपट यांच्या व्यवस्थेतील स्थित्यंतर

घरातील करमणुकीच्या साधनांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या नामावळीने सांगितला जातो. तबकडी गेली, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. सीडीही मागे पडली व तिची जागा आंतरजालाने घेतली, असा हा क्रम आहे. क्रम म्हणून तो चुकीचा नाही. परंतु त्यात एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. संगणकाच्या युगात संगीत घरात शिरले ते संग्रह म्हणून. चित्रपट शिरला तो सेवा म्हणून. गाण्यांच्या बाबतीत गृहस्थ काही काळ स्वतःच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला. चित्रपटांच्या बाबतीत मात्र कोणत्या कंपनीची वर्गणी भरावी, एवढाच निर्णय त्याच्या वाट्यास आला. दोन्ही कला आकड्यांच्याच रूपाने साठवल्या जात होत्या. असे असता त्यांच्या वाटा भिन्न का झाल्या, आणि अखेरीस त्या एकाच ठिकाणी येऊन का मिळाल्या, याचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे, त्याहून अधिक ते विक्री आणि परवाना यांतील भेदात आहे.

१. कुलूप नसलेली सीडी

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी सिद्ध केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. तीत ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत आणि दोन वाहिन्यांत नोंदले जात. या हिशेबाने साडेतीन मिनिटांच्या गाण्यास सुमारे ३७ मेगाबाइट जागा लागे. त्या काळच्या घरगुती संगणकांत एवढी साठवणशक्ती नव्हती. त्यामुळे सीडीवरील आकड्यांना कुलूप घालण्याची आवश्यकता तिच्या निर्मात्यांस वाटली नाही. पुढील सर्व घडामोडींचे मूळ या उणिवेत आहे.

जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिसंक्षेपाची जी पद्धती विकसित केली, ती मानवी श्रवणाच्या एका मर्यादेवर आधारलेली आहे. एखाद्या प्रबळ स्वराच्या सान्निध्यातील क्षीण स्वर कानास जाणवत नाही. तो वगळला तरी ऐकणाऱ्यास उणीव भासत नाही. या तत्त्वावर उभी राहिलेली पद्धती १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकात प्रसिद्ध झाली आणि १९९५ साली तिला ‘एमपी३’ हे आटोपशीर नाव मिळाले. सेकंदास १२८ किलोबिट या प्रमाणात तेच साडेतीन मिनिटांचे गाणे ३७ ऐवजी सुमारे साडेतीन मेगाबाइटांत मावू लागले. सीडीस कुलूप नव्हते आणि संगणकाची साठवणशक्ती वाढली होती; तेव्हा विकत घेतलेल्या सीडीवरील गाणी संगणकात उतरवून घेण्यात तांत्रिक अडथळा उरला नाही. ॲपलने ऑक्टोबर १९९९ नंतर दोनच वर्षांनी, म्हणजे २००१ साली, जो आयपॉड विक्रीस आणला, त्याची जाहिरात खिशात एक हजार गाणी अशीच होती. ती शक्य झाली या संक्षेपामुळे.

चित्रपटांच्या बाबतीत नेमके उलट घडले. सीडीच्या अनुभवाने शहाणे झालेल्या चित्रपटनिर्मात्यांनी डीव्हीडी ही प्रारंभापासूनच कुलूपबंद काढली. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने असे कुलूप फोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तांत्रिक संरक्षण मोडण्याविरुद्ध कलम ६५अ घालण्यात आले. परिणामी सीडी घरच्या संगणकात रीतसर उतरली. डीव्हीडी मात्र कपाटातच राहिली.

२. गृहस्थ सूचिकार होतो

संग्रह म्हटला की सूची आली. सीडीच्या मूळ मानकात गाण्यांची नावे नोंदण्याची सोय नव्हती. संगणकास केवळ पहिले गाणे, दुसरे गाणे एवढेच कळे. ही उणीव स्वयंसेवकांनी भरून काढली. तबकडीवरील गाण्यांच्या लांबीवरून ती ओळखणारे ‘सीडीडीबी’ नावाचे सामायिक कोष्टक तयार झाले व असंख्य श्रोत्यांनी त्यात नावे टंकून दिली. पुढे हे कोष्टक खाजगी कंपनीच्या स्वाधीन झाले. त्याची प्रतिक्रिया म्हणून ‘फ्रीडीबी’ व ‘म्युझिकब्रेन्झ’ हे खुले उपक्रम निघाले. त्यांपैकी पहिला २०२० साली बंद पडला, दुसरा टिकून आहे.

गाण्याची माहिती खुद्द फाइलमध्येच लिहिण्याची पद्धत १९९६ साली निघाली. ‘आयडी३’ या नावाने ओळखली जाणारी ही चिठ्ठी फाइलच्या शेवटी अवघ्या १२८ बाइटांत बसविलेली असे. गाण्याचे नाव, कलावंत, संच व शेरा यांना प्रत्येकी ३० बाइट, सालास ४ आणि संगीतप्रकारास एक, अशी तिची रचना होती. संगीतप्रकार आरंभी ८० ठरविण्यात आले होते व ते प्रायः पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतास अनुसरून होते. या चौकटीत मराठी गृहसंग्रह बसविताना तिच्या मर्यादा ताबडतोब दिसून येतात. भावगीताची ओळख कवी, संगीतकार व गायक या तिघांनी मिळून होते. येथे कलावंत एकच. ख्यालाची ओळख राग, ताल व घराणे यांनी होते; येथे त्यांपैकी एकासही रकाना नाही. नाट्यपद कोणत्या नाटकातले, हे सांगण्यास तर शेऱ्याच्या जागेवाचून दुसरी जागाच नव्हती. शिवाय ही व्यवस्था रोमन लिपी गृहीत धरून केलेली असल्याने देवनागरी नाव लिहिणे दुरापास्त होते. १९९८ नंतरच्या सुधारित आवृत्तींत संगीतकार व गीतकार यांना जागा मिळाली, इतर लिप्यांचीही सोय झाली. राग व ताल मात्र तेव्हाही वगळलेलेच राहिले.

तथापि या काळाचे एक वैशिष्ट्य विसरता येत नाही. चौकट अपुरी असली तरी ती भरण्याचा अधिकार गृहस्थाचा होता. शेऱ्याच्या रकान्यात त्याने रागाचे नाव लिहिले, फाइलींचे कप्पे गायकाऐवजी नाटकावार लावले, अथवा चुकलेले साल दुरुस्त केले, तर त्यास कोणाची अनुमती लागत नसे.

३. भाड्याने दिलेला चित्रपट

चित्रपटांच्या घरगुती इतिहासाचा पाया अमेरिकेतील एका जुन्या न्यायनिर्णयात आहे. ‘बॉब्ज-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस’ या १९०८ च्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की पुस्तकाची प्रत एकदा विकली गेल्यावर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. हे तत्त्व ‘प्रथम विक्री’ या नावाने कायद्यात रूढ झाले. १९८४ साली अमेरिकेने ध्वनिमुद्रिका भाड्याने देण्यास स्वतंत्र कायद्याने प्रतिबंध केला. चित्रपटांस मात्र तो लागू केला नाही. त्यामुळे तेथे गाणी विकत घेण्याची व चित्रपट भाड्याने आणण्याची अशी दोन भिन्न वळणे समाजास पडली.

१९९७ साली स्थापन झालेल्या नेटफ्लिक्सचा उदय याच तत्त्वावर झाला. बाजारात विकत मिळणारी डीव्हीडी घ्यावी व ती टपालाने सभासदास धाडावी, यासाठी निर्मात्याच्या संमतीची गरज नव्हती. २००७ साली या कंपनीने आंतरजालावरून थेट चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हा यंत्राबरोबर कायद्याची भूमीही बदलली. प्रवाही प्रक्षेपणात कोणतीही प्रत हस्तांतरित होत नाही. तेथे घडते ते प्रदर्शन, आणि प्रदर्शनास परवाना लागतो. परवान्यास मुदत असते. स्टार्झ या वाहिनीशी झालेला करार २०१२ च्या फेब्रुवारीत संपला, तेव्हा त्यान्वये मिळालेले चित्रपट नेटफ्लिक्सच्या यादीतून नाहीसे झाले. तथापि त्यांच्या डीव्हीडी टपालाने पाठविण्यास कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. एकाच कंपनीच्या एका हातात विक्रीचा हक्क व दुसऱ्यात मुदतीचा परवाना, असे हे दृश्य होते. टपालाची ही सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली, आणि तीबरोबर पहिला हातही मिटला.

भारतात हॉटस्टार २०१५ साली व नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ २०१६ साली सुरू झाले. येथील प्रेक्षकासही परवान्याच्या मुदतीचा अनुभव लवकरच आला. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून गेल्या, त्याच वर्षी जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या दोन्ही सेवा जिओहॉटस्टार या नावाने एकत्र झाल्या. कोणती सेवा घ्यावी हा घरातील प्रश्न वरकरणी आवडीचा व खर्चाचा दिसतो. वस्तुतः तो इतरांनी आपसांत केलेल्या करारांच्या मुदतीचा प्रश्न असतो, आणि त्या मुदती पाहण्यास ग्राहकास मिळत नाहीत.

४. दोन वाटांचा संगम

संगीताची वाटही याच ठिकाणी येऊन पोहोचली. २००३ साली उघडलेल्या आयट्यून्स दुकानातील गाणी प्रथम कुलूपबंद होती. २००९ साली ते कुलूप काढण्यात आले. मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद झालेल्या संगीत-दुकानातील गाण्यांना किल्ल्या पुरविणारी यंत्रणा थांबविण्याचे २००८ साली घोषित केले, तेव्हा ग्राहकांच्या विरोधामुळे तिला मुदत वाढवून द्यावी लागली. कुलूपबंद गाणे विकत घेतले तरी ते विक्रेत्याच्या इच्छेवर अवलंबून राहते, हे त्यावरून स्पष्ट झाले. कुलूप नसलेल्या फाइलीचाही प्रश्न न्यायालयात गेला. वापरलेल्या संगीत-फाइली पुन्हा विकणाऱ्या रीडिजी या कंपनीविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली अमेरिकी अपील न्यायालयाने निर्णय दिला, की फाइल पाठविणे म्हणजे नवी प्रत करणे होय. सबब प्रथम विक्रीचे तत्त्व तीस लागू नाही. १९०८ साली पुस्तकास मिळालेले स्वातंत्र्य अशा रीतीने गाण्याच्या फाइलीस नाकारले गेले.

दरम्यान २००८ साली स्वीडनमध्ये सुरू झालेली स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आली. वर्गणीदारास तेथे गाणी उतरवून घेता येतात. परंतु वर्गणी थांबताच ती वाजेनाशी होतात. सूची करण्याचे कामही सेवेकडे गेले. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना देत असता ‘खरेदी’ हा शब्द योजणाऱ्या विक्रेत्यास तसे स्पष्ट सांगणे भाग पडले. शब्दाचा अर्थ वस्तुस्थितीपासून किती दूर गेला होता, याचीच ती शासकीय नोंद होय. २०१७ साली सारेगमने पाच हजार गाणी आतच भरलेली ‘कारवां’ ही पेटी काढली व ती लोकप्रिय झाली. तीतील गाणी निवडली कंपनीनेच. तरीही ती वर्गणीवाचून वाजत राहतात.

५. इतिहासाच्या साधनांचा प्रश्न

हे स्थित्यंतर केवळ ग्राहकाच्या सोयीगैरसोयीचे मानले तर त्याचे गांभीर्य निसटेल. भारतात छापील ग्रंथांच्या प्रती ठराविक ग्रंथालयांस देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले आणि १९५६ मध्ये ते वृत्तपत्रांसही लागू झाले. ध्वनिमुद्रिका त्यात आल्या नाहीत. चित्रपटांसाठी १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तबकड्यांचे रक्षण मात्र मुख्यत्वे खाजगी संग्राहकांनी केले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही अशा संग्राहकांचीच संस्था होय. जुन्या नाट्यपदांचा व ख्यालगायनाचा अभ्यास आज ज्या मुद्रिकांवर चालतो, त्यांपैकी कित्येक कोणाच्या तरी घरातील कपाटात राहिल्या म्हणून उपलब्ध आहेत. विकली गेलेली प्रत विक्रेत्याच्या विस्मृतीनंतरही टिकते, हा त्या तत्त्वाचा अलिखित लाभ होता.

परवान्याच्या व्यवस्थेत हा लाभ संभवत नाही. ज्या घरात प्रतच नाही, त्या घराच्या अडगळीत ती पन्नास वर्षांनी सापडणार नाही. आणि जे ध्वनिमुद्रण वा चित्रपट केवळ प्रवाही रूपानेच प्रसिद्ध होतो, त्याचे जतन पूर्णतः त्याच्या मालकाच्या हितसंबंधावर अवलंबून राहते. गृहसंग्रह हा आजवर सार्वजनिक संग्रहास पूरक ठरत आला. तो संपुष्टात येत असेल, तर ध्वनी व प्रवाही चित्रपट यांच्या प्रती निक्षेपित करण्याची वैधानिक तरतूद हा ग्रंथपालांपुरता प्रश्न राहत नाही. विसाव्या शतकातील मराठी संगीताचा इतिहास घरांनी राखलेल्या साधनांवर लिहिता आला. एकविसाव्या शतकाचा इतिहास कोणत्या साधनांवर लिहिला जाईल, हे आता घराबाहेर ठरणार आहे.